स्वतःचं आरटीके बेस स्टेशन उभारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरटीके म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून सेंटीमीटरपर्यंत अचूक जागा काढण्याची पद्धत. तिच्यात एका जागी पक्का बसवलेला रिसीव्हर म्हणजे बेस, आणि मोजणी करत फिरणारा दुसरा म्हणजे रोव्हर. बेस उभा करायला एक दुपार पुरते. तो नेमका कुठे उभा आहे हे ठरवायला मात्र दोन-तीन दिवस द्यावे लागतात. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारींचं मूळ या दिवसांत केलेल्या घाईत सापडतं. म्हणून खाली निर्देशांकाबद्दलची, म्हणजे बेसच्या अक्षांश, रेखांश आणि उंचीबद्दलची उत्तरं मुद्दाम लांब आहेत. सामानाबद्दलची आखूड आहेत, कारण सामान बदलता येतं. चुकीच्या निर्देशांकावर केलेली वर्षभराची मोजणी बदलता येत नाही.

१. बेस स्टेशन म्हणजे नेमकं काय? उपग्रहांचा रिसीव्हर तर रोव्हरमध्येही असतोच ना?

असतो, आणि दोन्ही रिसीव्हर बऱ्याचदा एकाच जातीचे असतात. फरक इतकाच की बेस एका जागी खिळलेला असतो आणि ती जागा आपल्याला आधीच माहीत असते. उपग्रहाकडून येणाऱ्या संकेतात कक्षेची चूक असते, उपग्रहाच्या घड्याळाची असते, वाटेतल्या वातावरणाने लावलेला उशीर असतो. काही किलोमीटरच्या टापूत या चुका सगळ्यांना जवळपास सारख्याच येतात. बेस आपलं मोजमाप दर सेकंदाला पाठवतो (यालाच दुरुस्ती म्हणतात), रोव्हर ते स्वतःच्या मोजमापातून वजा करतो आणि सामाईक चुका उडून जातात.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रोव्हर मोजतो ते बेसपासूनचं अंतर आणि दिशा. पृथ्वीवरची स्वतःची जागा तो मोजत नाही. बेसने ‘मी इथे आहे’ म्हणून जो निर्देशांक सांगितला, त्यात तो हे अंतर मिळवतो. बेसने चुकीचं सांगितलं तर रोव्हरही तितकाच चुकतो, आणि पडद्यावर त्याची काहीही खूण दिसत नाही.

२. फोन दोन-चार मीटर चुकतो आणि आरटीके दोन सेंटीमीटरच्या आत येतं. एवढा फरक कशामुळे?

दोघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या असतात. साधा रिसीव्हर उपग्रहाच्या संकेतावर चढवलेला कोड मोजतो. जीपीएसच्या नागरी कोडचा एक तुकडा सुमारे २९३ मीटर लांब असतो, आणि त्याचा शंभरावा भाग ओळखला तरी तीन मीटर होतात. आरटीके त्या कोडच्या खालची मूळ लहर मोजतं. जीपीएसच्या एल१ या मुख्य संकेताची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १९ सेंटीमीटर. तिचा शंभरावा भाग दोन मिलिमीटर.

अडचण अशी की लहरीवर आकडे छापलेले नसतात. उपग्रहापासून इथपर्यंत पूर्ण लहरी किती हे रिसीव्हरला माहीत नसतं, ते गणिताने शोधावं लागतं. तो पूर्णांक नक्की ठरला की ‘फिक्स’, आणि अजून अपूर्णांकातच घोटाळत असेल तर ‘फ्लोट’. दोन किंवा तीन वारंवारता असल्या की हा शोध काही सेकंदांत लागतो, एकाच वारंवारतेवर कित्येक मिनिटं जातात.

३. स्वतःचा बेस लागतोच का?

नेहमी नाही. तुमच्या भागात कायमस्वरूपी स्टेशनांचं जाळं असेल, त्याची सेवा घेता येत असेल आणि कामाच्या जागी मोबाइलची रेंज असेल, तर आधी तेच वापरून पाहा. त्यांचे निर्देशांक जाणत्या लोकांनी काढलेले असतात. दोन-तीन डेसिमीटर चालत असतील तर बेसशिवायही भागतं. युरोपच्या गॅलिलिओने जानेवारी २०२३ मध्ये मोफत उच्च-अचूकता सेवा सुरू केली, तिचं लक्ष्य आडव्या दिशेत सुमारे २० सेंटीमीटर आहे. त्यासाठी ती सेवा समजणारा रिसीव्हर मात्र हवा.

जाळं दूर असेल, रेंज नसेल, किंवा एकाच परिसरात वर्षानुवर्षं पुन्हा त्याच बिंदूंवर यायचं असेल, तर स्वतःचा बेस हवा.

४. कमीत कमी काय काय सामान लागेल?

कच्चं मोजमाप बाहेर देणारा, निदान दोन वारंवारतांचा रिसीव्हर, त्याच वारंवारतांचा चांगला अँटेना, केबल, अँटेना हलू न देणारा पाया, माहिती पुढे पाठवणारा छोटा संगणक किंवा मायक्रोकंट्रोलर, आणि खंड न पडणारी वीज. यू-ब्लॉक्सचा झेडईडी-एफ९पी, युनिकोरचा यूएम९८०, सेप्टेंट्रिओचा मोझाइक-एक्स५ हे हौशी आणि व्यावसायिक अशा दोन्ही मंडळींत रुळलेले रिसीव्हर आहेत.

पैसे मोजकेच असतील तर ते अँटेनावर आणि पायावर घाला. साधा रिसीव्हर आणि उत्तम अँटेना ही जोडी महागडा रिसीव्हर आणि चुंबकाने चिकटणारी टिकली यापेक्षा नेहमी सरस ठरते. रिसीव्हर निवडताना रोव्हरशी त्याचं जमेल का हे आधी पाहा (प्रश्न १५).

५. अँटेना कुठे बसवू? गच्चीवर पत्र्याचं छप्पर आहे, ते चालेल का?

तीन कसोट्या आहेत: आकाश मोकळं हवं, आजूबाजूला परावर्तन कमी हवं, आणि जागा हलता कामा नये.

आकाशाचं सोपं आहे. क्षितिजापासून १० अंशांच्या वर चहूबाजूंनी काही आड येऊ नये. एखादा अडथळा टाळताच येत नसेल तर उत्तर गोलार्धात तो उत्तरेला असलेला बरा. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे उत्तरेकडे आकाशाचा एक तुकडा तसाही रिकामा राहतो. दक्षिण गोलार्धात हे उलट.

परावर्तन ही खरी डोकेदुखी. संकेत थेट येतो, शिवाय पत्र्यावर, पाण्याच्या टाकीवर, शेजारच्या काचेवर आपटूनही येतो. याला मल्टिपाथ म्हणतात. कोडच्या मोजमापात त्याने मीटरभर चूक होऊ शकते. लहरीच्या मोजमापात चूक तरंगलांबीच्या पाव भागापर्यंत, म्हणजे एल१ वर पाच सेंटीमीटरच्या आत राहते, पण आरटीकेसाठी तीही फार झाली. दुरुस्तीत ही चूक उडून जात नाही, कारण बेसभोवतीचं परावर्तन रोव्हरला दिसत नसतं. उलट बेसचा मल्टिपाथ प्रत्येक रोव्हरच्या माथी बसतो. म्हणून पत्र्याचं सपाट छप्पर शक्यतो टाळा. टाळता येत नसेल तर अँटेना पत्र्याच्या वर चांगला उंच घ्या आणि खालून येणारे संकेत अडवणारा अँटेना निवडा. चोक रिंग जातीचा अँटेना म्हणजे भोवती धातूची एकात एक कडी असलेला. तो याच कामासाठी बनवलेला असतो, पण जड आणि महाग पडतो. चांगला सर्व्हे अँटेनाही पुरतो. छोटा पॅच अँटेना वापरत असाल तर त्याच्याखाली निदान १० सेंटीमीटर रुंदीचा धातूचा पत्रा हवाच. हा पत्रा अँटेनाचाच भाग समजा, छपराच्या पत्र्याशी त्याची गल्लत करू नका.

स्थैर्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. १० मीटर उंचीचा लोखंडी खांब २० अंश सेल्सिअस तापला की सुमारे अडीच मिलिमीटर वाढतो. वाऱ्याने तो झुलतो ते वेगळंच. सिमेंटच्या भिंतीला किंवा आरसीसी खांबाला घट्ट बसवलेली, मीटरभराची जाड नळी उंच मनोऱ्यापेक्षा कितीतरी चांगली. टाकीचं झाकण, पत्र्याची शेड, लाकडी खांब यांपैकी काहीही नको. अँटेनावर उत्तरेची खूण असेल तर ती उत्तरेकडे करा आणि नळी ओळंब्यात आहे का ते पाहा.

६. केबल किती लांब चालेल? लांब केबलमुळे निर्देशांक सरकतो का?

सरकत नाही. केबलमध्ये होणारा उशीर सगळ्या उपग्रहांच्या संकेतांना सारखाच लागतो आणि तो रिसीव्हरच्या घड्याळाच्या चुकीत जमा होतो. काळजी करायची ती संकेत क्षीण होण्याची. एलएमआर-४०० सारख्या जाड केबलमध्ये या वारंवारतांवर १०० मीटरला साधारण १७ डेसिबल घट होते, पातळ केबलमध्ये त्याच्या कित्येक पट. अँटेनातला वर्धक किती डेसिबलचा आणि रिसीव्हरला किमान किती लागतात हे पाहून हिशेब करा. अँटेनाला वीज याच केबलमधून जाते, तेव्हा अँटेनाला लागणारे व्होल्ट रिसीव्हर देतो का तेही तपासा. बाहेरच्या जोडांवर पाणी रोखणारी टेप गुंडाळा. पाऊस सुरू झाला की बेस बिघडतो, या तक्रारीमागे बहुधा ओला जोड निघतो.

७. बेसचा नेमका निर्देशांक कसा काढू?

पहिली वाट: जवळच्या अधिकृत नियंत्रण बिंदूपासून किंवा कायमस्वरूपी स्टेशनपासून स्टॅटिक मोजणी. दोन्हीकडे एकाच वेळी काही तास नोंद करायची आणि नंतर दोन्ही फाइली एकत्र सोडवायच्या. तुमचं काम जमिनीच्या अधिकृत नकाशांशी जुळायलाच हवं असेल तर हीच वाट धरा.

दुसरी वाट पीपीपी, म्हणजे दुसऱ्या स्टेशनाच्या मदतीशिवाय, उपग्रहांच्या अत्यंत अचूक कक्षा आणि घड्याळं वापरून एकट्या रिसीव्हरची जागा काढणं. बहुतेकांनी हेच करावं असं माझं मत आहे. पद्धत अशी: रिसीव्हरचं कच्चं मोजमाप सलग २४ तास नोंदवा, ३० सेकंदांना एक नोंद पुरते. आरटीकेलिब या मोफत सॉफ्टवेअरच्या रूपांतर साधनाने फाइल राइनेक्स या सगळीकडे चालणाऱ्या स्वरूपात आणा. फाइलच्या शीर्षकात अँटेनाचं नेमकं नाव आणि उंची भरा. मग ती फाइल कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या सीएसआरएस-पीपीपी या मोफत सेवेकडे पाठवा. ऑस्ट्रेलियाची ऑसपॉस ही सेवाही मोफत आहे, पण ती पीपीपी करत नाही. जागतिक जाळ्यातल्या स्टेशनांशी तुलना करून जागा काढते, त्यामुळे पडताळणीला चांगली. घाई असेल तर त्याच दिवशी उत्तर मिळतं. मात्र कक्षांची अंतिम आकडेवारी यायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा तीच फाइल पुन्हा पाठवा आणि ते उत्तर कायम करा.

चोवीसच तास का? जीपीएस उपग्रहांची आकाशातली मांडणी साधारण २३ तास ५६ मिनिटांनी पुन्हा तशीच येते. पूर्ण फेरा नोंदला की अँटेनाने सगळी मांडणी पाहिलेली असते आणि मल्टिपाथचे चढउतार बरेचसे एकमेकांना खातात. मी दोन वेगवेगळ्या दिवसांच्या फाइली स्वतंत्रपणे सोडवतो. दोन्ही उत्तरं आडव्या दिशेत एक सेंटीमीटरच्या आणि उंचीत दोन सेंटीमीटरच्या आत जुळली तरच निर्देशांक बेसमध्ये भरतो. जुळली नाहीत तर तिसरा दिवस नोंदतो आणि कारण शोधतो. सरासरी काढून मोकळं होत नाही.

निर्देशांक भरताना दशांश स्थळं मोजा. अक्षांशात सातव्या दशांश स्थळातला एक म्हणजे जमिनीवर १.१ सेंटीमीटर. सातच स्थळं भरलीत तर दोन दिवसांची मेहनत तिथेच थोडी वाया गेली. नऊ भरा, किंवा पृथ्वीच्या केंद्रापासूनचे एक्स, वाय, झेड मीटरमध्ये चार दशांशांपर्यंत भरा.

८. रिसीव्हरमध्ये ‘सर्व्हे-इन’ आहे, दहा मिनिटांत बेस तयार होतो. मग एवढा खटाटोप कशाला?

सर्व्हे-इन म्हणजे साध्या, मीटरभर चुकणाऱ्या जागांची सरासरी. दहा मिनिटांत वातावरणाची चूक फारशी बदलत नाही, त्यामुळे सरासरी काढूनही ती तशीच राहते. रिसीव्हर जो ‘अचूकता अमुक मीटर’ असा आकडा दाखवतो, तो मोजमापांच्या विखुरण्यावरून काढलेला अंदाज असतो.

त्यातही एक मोठा सापळा आहे. वीज गेली, बेस पुन्हा सुरू झाला, सर्व्हे-इन पुन्हा झालं आणि नवा निर्देशांक मीटरभर बाजूला आला. रोव्हर कालही फिक्स दाखवत होता, आजही दाखवतो. कालची आणि आजची मोजणी मात्र मीटरभर सरकलेली. म्हणून कायमच्या बेसवर सर्व्हे-इन बंद करून ठरावीक निर्देशांकच भरा आणि तो वीज गेल्यावर टिकेल अशा स्मृतीत साठवा.

एकाच दिवसाचं, एकमेकांच्या सापेक्ष काम असेल, जसं एका खड्ड्याचं घनफळ काढायचं आहे, तर सर्व्हे-इन खुशाल वापरा. बेसची मीटरभर चूक दोन बिंदूंमधल्या अंतरावर जवळपास काहीच परिणाम करत नाही. बेस २० मीटर चुकला तर दर किलोमीटरला साधारण एक मिलिमीटर बिघडतो.

९. पीपीपीचं उत्तर सरकारी नकाशाशी मीटरभर जुळत नाही. कोण चुकलं?

बहुधा कोणीच नाही. पीपीपी जागतिक चौकटीत (चौकट म्हणजे निर्देशांक ज्या संदर्भाने मोजतात ती व्यवस्था), आता आयटीआरएफ२०२० मध्ये, आणि मोजणीच्या दिवशीची जागा देतं. देशांच्या चौकटी मात्र एखाद्या ठरावीक तारखेला गोठवलेल्या असतात, आणि दरम्यान भूखंड सरकत राहतात. ऑस्ट्रेलिया वर्षाला सुमारे सात सेंटीमीटर सरकतो. तिथे जीडीए९४ ही जुनी चौकट बदलून जीडीए२०२० आणली तेव्हा सगळे निर्देशांक सुमारे १.८ मीटरने बदलले. जमिनीवरचे दगड जागच्या जागीच होते.

एकच चौकट ठरवा, पीपीपीचं उत्तर तिच्यात रूपांतरित करा आणि बेसमध्ये तेच भरा. रोव्हर आपसूक त्याच चौकटीत येतो. नुसतं ‘डब्ल्यूजीएस८४’ असं लिहिलेली नोंद पाच वर्षांनी कुचकामी ठरते. चौकटीचं पूर्ण नाव आणि तारीख दोन्ही लिहा.

१०. आडवं सगळं बरोबर येतं, उंची मात्र चुकते. का?

किती चुकते त्यावरून कारण कळतं. दहा-वीस मीटर किंवा त्याहून जास्त चुकत असेल तर ती चूकच नाही. रिसीव्हर उंची मोजतो ती पृथ्वीचा आकार म्हणून मानलेल्या गणिती लंबगोलापासून, आणि नकाशावरची असते समुद्रसपाटीपासून. या दोन पृष्ठांमधलं अंतर जागोजागी वेगळं असतं. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात समुद्रसपाटीचं पृष्ठ लंबगोलाच्या १०० मीटरहून अधिक खाली आहे, न्यू गिनीजवळ ते ८० मीटरहून अधिक वर. बेसमध्ये नेहमी लंबगोलापासूनचीच उंची भरा. समुद्रसपाटीचं रूपांतर रोव्हरच्या बाजूला, ईजीएम२००८ किंवा स्थानिक जिऑइड (समुद्रसपाटीच्या पृष्ठाच्या) प्रारूपाने करा.

एक-दोन मीटर चुकत असेल तर खांबाची किंवा तिवईची उंची विसरली गेली आहे. खालच्या खुणेचा निर्देशांक वरच्या अँटेनाला दिला, किंवा तिरकी मोजलेली उंची उभी म्हणून भरली. पाच-दहा सेंटीमीटर चुकत असेल तर अँटेनाच्या तळाचा संदर्भ बिंदू आणि आतलं विद्युत केंद्र (संकेत प्रत्यक्षात जिथे मोजला जातो तो बिंदू) यांत गल्लत झाली आहे. पीपीपीला अँटेनाचं बरोबर नाव दिलं असेल तर हा फरक तिथेच सुटतो.

याउपरही आरटीकेमध्ये उंचीची चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट असतेच. उपग्रह फक्त वरच्या बाजूला असतात, खालून मोजायला कुणीच नसतं.

११. आरटीसीएमचे कोणते संदेश चालू ठेवू?

आरटीसीएम म्हणजे बेसने रोव्हरला दुरुस्ती पाठवायची ठरलेली भाषा, तिच्यात प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो. १००५ किंवा १००६ हवाच, बेसचा निर्देशांक त्यातूनच जातो. १००६ मध्ये अँटेनाची उंचीही असते. दहा सेकंदांतून एकदा पुरे. मोजमापांसाठी १०७४, १०८४, १०९४ आणि ११२४, अनुक्रमे अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बेइदू या उपग्रह प्रणालींसाठी, दर सेकंदाला. शेवटी चाराऐवजी सात असलेले संदेश जास्त बारीक मोजमाप आणि डॉप्लर देतात, पण जागा जास्त खातात. ग्लोनास वापरत असाल तर १२३० घाला. अँटेना आणि रिसीव्हरचं नाव सांगणारा १०३३ ही द्या.

१२. दुरुस्ती रेडिओने पाठवू की इंटरनेटने?

रोव्हर नेहमी नजरेच्या टप्प्यात असेल तर रेडिओ, नाहीतर इंटरनेट. चार प्रणालींची माहिती सेकंदाला साधारण अर्धा ते एक किलोबाइट होते, म्हणजे दिवसाला ४० ते ९० मेगाबाइट. इंटरनेटला हे काहीच नाही, पण मंद रेडिओला जड जाऊ शकतं. लोरा (लांब पल्ल्याचा पण मंद रेडिओ) वापरत असाल तर प्रणाली कमी करा किंवा दोन सेकंदांतून एकदा पाठवा. रेडिओच्या वारंवारतेचा आणि शक्तीचा परवाना देशोदेशी वेगळा असतो, तो आधी पाहा.

इंटरनेटवरची रूढ पद्धत एनट्रिप. ती जर्मनीच्या बीकेजी या संघीय संस्थेने विकसित केली, आणि २००४ मध्ये तिचं प्रमाणीकरण झालं. बेस आपला प्रवाह ‘कास्टर’ला, म्हणजे तो पुढे वाटणाऱ्या सर्व्हरला देतो, तिथे त्याला ‘माउंटपॉइंट’ नावाचा पत्ता मिळतो, रोव्हर तो पत्ता मागतो. नेहमीचा पोर्ट २१०१. स्वतःचा कास्टर चालवता येतो किंवा आरटीके२गो सारखा सार्वजनिक वापरता येतो. पहिल्या आवृत्तीत पासवर्ड जवळजवळ उघडाच जातो, तेव्हा दुसरीकडे वापरलेला पासवर्ड इथे देऊ नका.

१३. बेसपासून किती लांबपर्यंत चालेल?

एका वारंवारतेवर १० किलोमीटरपर्यंत, दोनवर शांत वातावरणात २० ते ३०. फिक्स त्याहून लांबही मिळतो, पण अंतराचा कर भरावा लागतो. रिसीव्हरच्या माहितीपत्रकात ‘१ सेंटीमीटर अधिक १ पीपीएम’ असं लिहिलेलं असतं. त्यातला पीपीएम म्हणजे दर किलोमीटरला एक मिलिमीटर, त्यामुळे ३० किलोमीटरवर आणखी तीन सेंटीमीटर. बेस आणि रोव्हरच्या उंचीत शेकडो मीटरचा फरक असेल तर आर्द्र हवेच्या थरामुळे जवळही उंची बिघडते.

१४. रोव्हर फ्लोटवरच अडकतो. कुठून शोधायला सुरुवात करू?

मी या क्रमाने जातो. रोव्हर फ्लोटवरसुद्धा येत नसेल तर बहुधा १००५ (किंवा १००६) संदेश पोहोचत नाही. दुरुस्तीचं वय, म्हणजे शेवटची दुरुस्ती किती सेकंदांपूर्वीची आहे ते पाहा. ते एक-दोन सेकंदांवर स्थिर हवं, उड्या मारत असेल तर दुवा तुटक आहे. मग रोव्हर मोकळ्या मैदानात बेसच्या शेजारीच नेऊन ठेवा. तिथे लगेच फिक्स आला तर दोष कामाच्या जागी आहे: झाडं, इमारती किंवा अंतर. तिथेही आला नाही तर बेस आणि रोव्हर यांच्यात पुरेसे सामाईक संकेत आहेत का ते पाहा (पुढचा प्रश्न), आणि दोन्हींच्या अँटेनाखालचा धातूचा पत्रा तपासा.

१५. बेस एका कंपनीचा आणि रोव्हर दुसऱ्या कंपनीचा असला तर चालेल का?

आरटीसीएम सामाईक भाषा आहे, म्हणून चालतो, पण भाषा एक असून शब्द वेगळे असू शकतात. दुरुस्ती फक्त त्याच संकेतांची होते जे दोघांनाही ऐकू येतात. समजा, बेस जीपीएसच्या एल१ आणि एल२ या वारंवारता ऐकतो, रोव्हर एल१ आणि एल५ ऐकतो, तर जीपीएसपुरता उरला फक्त एल१. दोघांच्याही खोक्यावर ‘दोन वारंवारता’ लिहिलेलं असतं आणि व्यवहारात काम एका वारंवारतेचं होतं. दोन नवीकोरी यंत्रं घेऊन या कारणाने हताश झालेल्या लोकांची पत्रं मला सतत येतात, म्हणून विकत घेण्याआधी दोन्ही यंत्रांच्या संकेतांची यादी शेजारी शेजारी ठेवून वाचा.

बेइदूमध्येही पिढ्यांनुसार संकेत बदलले आहेत, तिथे असाच घोळ होतो. ग्लोनासची गोष्ट निराळी: त्याचे मूळ संकेत प्रत्येक उपग्रहाला थोड्या वेगळ्या वारंवारतेवर येतात आणि प्रत्येक बनावटीचा रिसीव्हर त्यांना थोडा वेगळा उशीर लावतो. १२३० संदेश त्यासाठीच आहे. तरीही त्रास झाला तर ग्लोनास बंद करून पाहा. बाकी तीन प्रणाली पुरेशा असतात.

१६. दिवसा सगळं ठीक, सूर्यास्तानंतर फिक्स जातो. बेस खराब झाला का?

नाही. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण २० अंशांच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनावरणात उलथापालथ होते आणि संकेत चमचमत्या ताऱ्यासारखे कमीजास्त होतात. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, आणि सूर्यडागांच्या शिखराच्या वर्षांत, हे जास्त होतं. मध्यरात्रीनंतर सहसा ओसरतं. उपाय मर्यादित आहेत: बेस जवळ आणा, सगळ्या प्रणाली चालू ठेवा, महत्त्वाचे बिंदू सकाळी घ्या.

१७. फिक्स दिसतोय म्हणजे उत्तर बरोबरच ना?

नाही, आणि हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो. फिक्स म्हणजे पूर्णांक ठरले असा गणिताचा विश्वास. आरटीकेलिबमध्ये सर्वोत्तम आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उत्तरांचं गुणोत्तर ३ च्या वर गेलं की फिक्स मानायचं, असं मूळ सेटिंग आहे. झाडाखाली किंवा भिंतीलगत चुकीचे पूर्णांकही ही परीक्षा पास होतात आणि उत्तर काही डेसिमीटर बाजूला येतं.

तपासणी सोपी आहे. महत्त्वाचा बिंदू घ्या, रिसीव्हर पूर्ण बंद करून नवा फिक्स मिळवा आणि पुन्हा घ्या. अर्ध्या-पाऊण तासाने उपग्रह सरकल्यावर आणखी एकदा घ्या. शिवाय रोज काम सुरू करताना एका पक्क्या खुणेवर रोव्हर ठेवून कालचा आकडा येतो का ते पाहा. बेसचा निर्देशांक बदलल्याचं कळायचा भरवशाचा मार्ग हाच आहे (प्रश्न ८).

१८. गच्चीची दुरुस्ती झाली आणि अँटेना काढून परत बसवला. निर्देशांक तोच ठेवू का?

ठेवू नका. त्याच नळीवर, त्याच आट्यांवर बसवला तरी एक दिवस नोंद करून पीपीपीने पडताळा. अँटेनाचं मॉडेल बदललं असेल तर विद्युत केंद्रही बदललं, तेव्हा निर्देशांक नव्याने काढा. काहीच हात लावला नसेल तरी वर्षातून एकदा पडताळणी करा, भूखंडाचं सरकणं हिशेबात धरून. मोठा भूकंप झाला तर लगेच करा. २०११ च्या भूकंपात जपानच्या ओशिका द्वीपकल्पावरचं स्टेशन पाच मीटरहून अधिक सरकलं आणि मीटरभराहून अधिक खचलं.

१९. आकाशातल्या विजेपासून बचाव कसा करू?

अँटेनाच्या केबलवर, ती इमारतीत शिरते तिथे, अँटेनाची वीज जाऊ देणारा सर्ज अरेस्टर (जास्तीचा विद्युतदाब जमिनीत वळवणारं साधन) लावा आणि त्याची तार जाड, आखूड ठेवून इमारतीच्याच अर्थिंगला जोडा. वेगळं अर्थिंग नको, दोन अर्थिंगमधला विद्युतदाब रिसीव्हरमधून वाट काढतो. अँटेना इमारतीच्या तडितरक्षकाच्या संरक्षणात येतो का हे जाणकार वीजतंत्रज्ञाकडून पाहून घ्या. थेट पडलेल्या विजेपुढे अरेस्टर टिकत नाही.

२०. कामाच्या जागी ना रेंज, ना रेडिओ. मग?

बेस आणि रोव्हर दोन्हींचं कच्चं मोजमाप नोंदवा आणि घरी येऊन एकत्र सोडवा. याला पीपीके म्हणतात, ड्रोनवाले बहुधा हेच करतात. वेळेत मागे-पुढे दोन्हीकडून सोडवता येत असल्यामुळे उत्तर कित्येकदा आरटीकेपेक्षा भक्कम येतं. म्हणूनच दुवा असला तरी बेसवर कच्ची नोंद कायम चालू ठेवा. निर्देशांक चुकल्याचं नंतर कळलं तरी कामं त्या नोंदीवरून वाचवता येतात.

२१. माझा बेस शेजारपाजारच्या लोकांनाही वापरू द्यायचा आहे. त्यांना काय सांगावं?

निर्देशांक, पूर्ण दशांश स्थळांसह. चौकटीचं नाव आणि तारीख. निर्देशांक कसा काढला आणि किती तासांच्या नोंदीवरून. अँटेनाचं मॉडेल आणि निर्देशांक खुणेचा आहे की अँटेनाच्या तळाचा. कोणते संकेत आणि संदेश जातात. शेवटची पडताळणी केव्हा झाली. निर्देशांक कधी बदलला तर जुना, नवा आणि बदलाची तारीख आधी कळवा. बदल करताना माउंटपॉइंटचं नावही बदला, म्हणजे जुन्या नावाने जोडलेला रोव्हर नकळत नव्या निर्देशांकावर जाण्याऐवजी थांबेल आणि त्याचा मालक तुम्हाला फोन करेल.